यादी दसऱ्याआधी झाली पाहिजे

लसीकरणाची मोहीम संपली की तालुक्याच्या आढावा बैठकीत उद्दिष्ट, साध्य आणि टक्केवारी वाचून दाखवली जाते. काही आरोग्य केंद्रांची टक्केवारी शंभराच्याही वर निघते. त्या केंद्राचं कौतुक होतं, पण अशा आकड्याचा खरा अर्थ एवढाच की ज्या संख्येने भागलं ती संख्याच चुकलेली आहे. उद्दिष्ट ठरतं ते लोकसंख्येला जन्मदर लावून, आणि त्या लोकसंख्येचा पाया अजूनही २०११ च्या जनगणनेचा. गावात आज किती बाळं आहेत, किती आईबरोबर ऊसतोडीला कोल्हापूर-बेळगावकडे गेली, परगावची किती इथल्या वीटभट्टीवर येऊन राहिली, यातलं काहीच त्या गणितात येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघर जाऊन विचारलं गेलं, तेव्हा २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी साधारण ७३-७४ टक्के मुलांचंच लसीकरण पूर्ण झालेलं आढळलं. चारातलं एक मूल मागे राहिलेलं.

मोहिमा झाल्या नाहीत असं नाही. २५ डिसेंबर २०१४ ला मिशन इंद्रधनुष्य सुरू झालं, २०१७ पासून त्याच्या विशेष फेऱ्या झाल्या, २०२३ मध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर अशा लागोपाठ तीन. त्यांचा उपयोगही झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार भारतात पेंटाव्हॅलंटसारख्या (पाच रोगांवरच्या एकत्रित) लसीची पहिली मात्राही न मिळालेली बाळं २०२३ मध्ये सुमारे १६ लाख होती, ती २०२४ मध्ये सुमारे ९ लाखांवर आली. आता जी उरली आहेत ती आणखी एका आठवड्याच्या मोहिमेने सापडणार नाहीत. मोहिमेच्या आठवड्यात ती त्या गावात नसतात, आणि ज्या गावात असतात तिथल्या रजिस्टरमध्ये त्यांचं नाव नसतं.

पण ती कुठे आहेत हे कुणालाच माहीत नसतं का? ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाला माहीत असतं, कारण कोणता कोयता, म्हणजे ऊस तोडणारं कोणतं जोडपं, कोणत्या कारखान्यावर गेला हे त्याच्या वहीत असतं. घरी राहिलेल्या आजीला माहीत असतं. अंगणवाडीताईला माहीत असतं, कारण पोषण आहाराच्या हजेरीत ते नाव अचानक थांबतं. कारखान्याच्या शेती विभागाला टोळी कोणत्या गटात आहे हे दररोज माहीत असतं, नाहीतर तोडीची चिठ्ठी निघणार नाही. माहिती आहे, ती फक्त आरोग्य खात्याकडे नाही. म्हणून आमचं म्हणणं असं की मराठवाड्यात लसीकरणाचं नियोजन मोहिमेच्या तारखेपासून सुरू न होता गावकऱ्यांनी केलेल्या यादीपासून सुरू व्हावं. ही यादी वर्षातून दोनदा व्हावी, दसऱ्याआधी आणि गुढीपाडव्यानंतर, आणि गाव सोडून गेलेल्या बाळाची नोंद त्याच्या मागोमाग फडापर्यंत, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतापर्यंत, पोचावी.

या दोन तारखा मुद्दाम सांगितल्या आहेत. बीडच्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी भागातून आणि जालना, परभणी, धाराशिवमधल्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतात. दसऱ्यापर्यंत कोण कोणत्या टोळीत हे ठरलेलं असतं, दिवाळीच्या मागेपुढे गाड्या भरतात आणि परत येणं होतं ते एप्रिल-मे महिन्यात. शाळेतली पोरं कधी आजी-आजोबांजवळ राहतात, पण अंगावरचं बाळ आईबरोबरच जातं. गुढीपाडव्याचं कारण वेगळं. सालगड्याचं साल पाडव्याला फिरतं. शेतातल्या आखाड्यावर (शेतघरात) राहणारं ते कुटुंब त्या दिवशी दुसऱ्या मालकाकडे, बरेचदा दुसऱ्या गावात जातं. गावठाणापासून दीड-दोन किलोमीटरवरचा आखाडा आशाताईच्या वाटेवर नसतो, आणि नव्या गावातल्या आशाताईला नवं घर आलंय हे कळायलाच दोन महिने जातात.

तिसरी गळती घरातलीच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. जन्माच्या वेळची बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब या लसी माहेरच्या दवाखान्यात होतात, नोंद तिथल्या केंद्रात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या मात्रा नेमक्या सासर-माहेरच्या ये-जा करण्याच्या काळात येतात. माहेरची नर्स समजते सासरी दिली असेल, सासरची समजते माहेरी दिली असेल. पुष्कळदा बाळाची नोंदही आईच्या नावानेच, ‘अमुकचं बाळ’ अशी असते. बारशानंतर सासरी वेगळ्या नावाने नवी नोंद होते आणि एकाच बाळाच्या दोन अर्धवट नोंदी तयार होतात.

आता ऊसतोडीच्या महिन्यांवर लसीकरणाचं वेळापत्रक ठेवून पाहा. ऑगस्टच्या मध्यावर जन्मलेल्या बाळाची दीड महिन्याची मात्रा सप्टेंबरअखेर गावात होते. अडीच महिन्यांची येते ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे गाडी भरायच्या धांदलीत. साडेतीन महिन्यांची येते नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा ते कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, असतं. फेब्रुवारी ते जुलै या सहा महिन्यांत जन्मलेली सगळी बाळं नोव्हेंबर ते एप्रिल या काळात नऊ महिने पूर्ण करतात. गोवर-रूबेलाची पहिली मात्रा त्यांना जिथे मिळायला हवी तिथे त्यांना कुणी ओळखत नाही. फडावरच जन्मलेलं बाळ पाच-सहा महिन्यांपर्यंतचं होऊन गावी येतं आणि त्याच्या हातात फक्त मे ते ऑक्टोबर एवढाच काळ उरतो. यात उशीर झाला तर तो नंतर भरून निघत नाही. बीसीजी एक वर्षापर्यंतच देतात. पेंटाव्हॅलंट, रोटा (जुलाबावरची) आणि पीसीव्ही (न्यूमोनियावरची) यांची पहिली मात्राही वर्षाच्या आत सुरू व्हावी लागते. वर्ष उलटल्यावर डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरची) देता येते, पण कावीळ-ब आणि हिब या मेंदूज्वर-न्यूमोनियाच्या जिवाणूपासूनचं संरक्षण हुकतं. गोवर-रूबेला पाच वर्षांपर्यंत देता येते हे खरं, पण गोवर तोवर थांबत नाही. लस न घेतलेल्या वस्तीत एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना गोवर देतो, म्हणून दोन्ही मात्रांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे असावं लागतं. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि मालेगावात गोवराचा जो उद्रेक झाला तो दाट वस्तीत झाला, आणि कारखान्याजवळचा ऊस वाहणाऱ्या गाडीवाल्यांचा अड्डा काही विरळ नसतो.

यादी करायची कशी, यातच खरी मेख आहे. सुरुवात नावांनी करू नये, नकाशाने करावी. मोठ्या कागदावर गावठाण, वस्त्या, तांडे, आखाडे, गायरानावरची पालं, वीटभट्टी, खडी क्रशर असं सगळं काढायचं आणि गावातल्या माणसांकडून त्यात भर घालून घ्यायची. आशाताई, अंगणवाडीताई, कोतवाल, रेशन दुकानदार आणि तांड्यातला किंवा पालांवरचा एक जाणता माणूस इतके लोक बसले की नकाशावर दोन-तीन ठिकाणं तरी नव्याने येतात. मगच घरोघरची मोजणी.

कागदावर रकाने कमी ठेवावेत. बाळाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, शेवटची मात्रा कोणती व कधी, पुढची कधी, कुठल्या कारखान्याला किंवा कामाला जाणार आणि टोळी कुणाची, दोन फोन नंबर. एवढं पुरे. दुसरा नंबर गावात राहणाऱ्या माणसाचा हवा, कारण फडावर गेल्यावर रिचार्ज संपतो, सिम बदलतं, फोन मुकादमाच्या पोराचा निघतो. लस कार्डाचा फोटो काढून घ्यावा. कार्ड ट्रंकेत राहतं, कोपीत पावसाने भिजतं.

जन्मतारीख विचारली तर पुष्कळ घरांत ‘माहीत नाही’ असं उत्तर येतं. ‘आजी, नातू पोळ्याच्या आधी झाला का नंतर? महालक्ष्म्या बसल्या होत्या तेव्हा सून बाळंतीण होती का?’ असं विचारलं की आठवड्याच्या फरकाने तारीख लागते. कार्ड हरवलं असेल तर आईला सुई कुठे टोचली ते विचारावं. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण दिसतो. पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत देतात, पीसीव्ही उजव्या मांडीत, गोवर-रूबेला उजव्या दंडात. ‘दोन्ही मांड्यांत टोचलं होतं’ असं आई म्हणाली तर पीसीव्ही आणि पेंटा एकाच भेटीत झाल्या, म्हणजे ती दीड किंवा साडेतीन महिन्यांची भेट होती, कारण अडीच महिन्यांना पीसीव्ही नसते. तरीही शंका राहिली तर मात्रा द्यावी. मधे कितीही महिने गेले तरी झालेल्या मात्रा वाया जात नाहीत, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. हे साधं वाक्य आयांना सांगितलंच जात नाही. तारीख हुकली म्हणून नर्सताई रागावतील या भीतीने कितीतरी जणी पुन्हा फिरकत नाहीत.

सुटण्याचं कारणही लिहावं, आणि ते आईच्या शब्दांत लिहावं. ‘नकार’ असा शिक्का मारला की पुढचा माणूस समजूत घालायला जातो, आणि तिथे गेल्यावर कळतं की नकार नव्हताच, सत्राच्या दिवशी नर्सच आली नव्हती. किंवा मागच्या वेळी बाळाला ताप आला आणि रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी खुरपणीला जावं लागलं. ज्या बाईचा रोज बुडतो तिच्या तापाच्या भीतीवर पोस्टर हा उपाय नाही. ताप येणार हे आधी सांगणं, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे किती द्यायचं ते दाखवून हातात देणं आणि दुसऱ्या दिवशी आशाताईने एक फोन करणं हा उपाय आहे.

यादी पूर्ण झाली हे ओळखायचं कसं? इथे गावालाही जमेल असं एक गणित आहे. समजा आशाताईच्या यादीत ४० बाळं आहेत. बचत गटातल्या दोघींनी तिची यादी न बघता स्वतंत्र यादी केली, तिच्यात ३५ आली. दोन्ही याद्यांत असलेली नावं २८. म्हणजे बचत गटाला सापडलेल्या ३५ पैकी २८, म्हणजे ८० टक्के, आशाताईला आधीच माहीत होती. तिची यादी ८० टक्के पुरी आहे असं धरलं तर गावात सुमारे ५० बाळं असली पाहिजेत. दोन्ही याद्या एकत्र केल्यावर वेगळी नावं होतात ४७. उरलेली तीन कुणाच्याच यादीत नाहीत आणि ती शोधायला पुन्हा निघायचं. अट एकच, दुसरी यादी खरोखर स्वतंत्र हवी. पहिली समोर ठेवून दुसरी उतरवली तर सगळं जुळतं आणि काहीच कळत नाही. आणखी एक धोका असा की पारध्यांची पालं दोन्ही याद्यांनी टाळली असतील तर हे गणितही ती दाखवणार नाही. म्हणून दुसरी यादी करणाऱ्यांत गावकुसाबाहेरचं माणूस असलंच पाहिजे.

‘आता यू-विन आलंय, कुठेही लस घ्या, नोंद देशभर दिसते’ हा युक्तिवाद बैठकीत हमखास येतो. यू-विन म्हणजे लसीकरणाच्या नोंदीचं सरकारी पोर्टल. यू-विन उपयोगी आहे, त्याच्यामुळे फडावरच्या नर्सला बाळाचा मागचा इतिहास दिसू शकतो. पण पोर्टल ज्याची नोंद झाली त्यालाच ओळखतं. ज्या बाळाची नोंदच नाही ते कुठल्याही देय यादीत (कुणाला लस द्यायची आहे त्या यादीत) येत नाही, आणि आपला प्रश्न नेमका त्याच बाळाचा आहे. शोध बहुधा मोबाइल नंबरवर चालतो आणि नंबर बदलला की जुनी नोंद सापडायची पंचाईत. गावातली यादी आणि पोर्टल यांचं वैर नाही. आधी माणसांनी बाळ शोधायचं, मग ते पोर्टलवर चढवायचं, आणि दुहेरी नोंद आईच्या नावावरून व जन्मतारखेवरून एक करायची, असा क्रम हवा. पोलिओच्या काळात वीटभट्ट्या, पालं, ऊसतोडीचे अड्डे यांच्या खास याद्या व्हायच्या, आणि १३ जानेवारी २०११ नंतर देशात कुठल्याही बाळाला नैसर्गिक विषाणूचा पोलिओ झाला नाही. त्या याद्यांचं श्रेय मोठं आहे. पण तिथे ठिकाण आणि मुलांची संख्या कळली की पुरत होतं, समोरच्या प्रत्येक मुलाला दोन थेंब पाजायचे होते. नियमित लसीकरणात या बाळाला आज काय द्यायचं हे मागच्या मात्रेवर ठरतं. म्हणून आता संख्या पुरत नाही, नाव लागतं.

यादी गाव सोडून पुढे गेली नाही तर मात्र हा सगळा खटाटोप वाया. तालुका आरोग्य अधिकाऱ्याने दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यानुसार नावं वेगळी काढावीत आणि जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यामार्फत समोरच्या जिल्ह्याला, कर्नाटकात असेल तर तिथल्या जिल्ह्याला, पाठवावीत. टोळी कुठे आहे हे कारखान्याच्या गट कार्यालयातून दर आठवड्याला विचारता येतं. बैलगाडीवाल्यांचा अड्डा कारखान्याजवळ हंगामभर एका जागी राहतो, तिथे महिन्याला ठरलेलं सत्र चालतं. ट्रक-ट्रॅक्टरवर भरणाऱ्या टोळ्या फडाप्रमाणे सरकतात. त्यांच्यासाठी मागच्या महिन्याचं ठिकाण लिहून ठेवून उपयोग नाही, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिठ्ठीबॉयला आदल्या दिवशी फोन करावा लागतो.

वेळही तिथली धरावी. पहाटे तीन-चारला उठून फडात गेलेली बाई सकाळी दहाच्या सत्राला येणार नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात. गाडी भरून झाल्यावर, दुपार कलल्यावर किंवा संध्याकाळी कोप्यांवरच सत्र घेतलं तर आई आणि बाळ दोघं भेटतात. आणखी एक अडचण कुपीची. गोवर-रूबेला आणि बीसीजी एकदा कालवली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एका बाळासाठी कुपी फोडली तर वाया गेलेल्या मात्रांचा जाब विचारला जाईल, या भीतीने ‘पुढच्या वेळी या’ म्हटलं जातं. फडावर पुढची वेळ नसते. एका बाळासाठीही कुपी फोडावी असंच मार्गदर्शन आहे. जिल्ह्याने ते लेखी पाठवावं आणि फडावरच्या सत्रांची नासाडी वेगळी मोजावी, म्हणजे नर्सताईवर ठपका येणार नाही. पेंटाव्हॅलंट, पीसीव्ही, पोलिओ यांना ही अडचण नाही. कुपीवरचा तापमानदर्शक ठीक असेल आणि शीतसाखळी पाळली असेल तर उघडलेली कुपी २८ दिवस चालते.

यादीचा दुरुपयोग होईल का? होऊ शकतो, आणि हा आक्षेप आम्ही गंभीर मानतो. मुकादमाकडून माहिती घ्यावी, पण यादी त्याला देऊ नये. उचल फिटली नाही म्हणून एखादं कुटुंब टोळी सोडून गेलं तर ते कुठे आहे हे त्याला लसीकरणाच्या कागदावरून कळता कामा नये. पारध्यांच्या बाबतीत तर नाव लिहून घेणारा माणूस म्हणजे पोलीस, ही भीती पिढ्यांची आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली हजेरी घेतली जायची, ते कायदे १९५२ मध्ये रद्द झाले, संशय मात्र गेला नाही. पालावर जाताना गणवेशातलं कुणी बरोबर नसावं, आधार कार्ड मागू नये, जात लिहू नये. आधार नाही म्हणून लस नाकारता येत नाही, हे नोंद घेणाऱ्यालाही ठाऊक असलं पाहिजे. कागदी यादीची एक प्रत उपकेंद्रात कुलपात, एक आशाताईकडे. व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो टाकणं बंद. ज्या कुटुंबाची नोंद आहे त्याने मागितली तर त्याची ओळ त्याला वाचून दाखवायची आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्त करायची.

हे काम फुकट होणार नाही. आशाताईला बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झाल्यावर १०० रुपये मिळतात. शेवटची मात्रा सांगलीत झाली तर गावच्या आशाताईचा हिशेब अडतो आणि सांगलीच्या आशाताईला ते बाळ आपलं वाटत नाही. यावर तोड अशी की यादी करण्याचा मोबदला वेगळा द्यावा, गाव सोडून गेलेल्या बाळाचा निरोप पोचवल्याचा वेगळा, आणि फडावर दिलेली मात्रा दोन्ही केंद्रांच्या कामात धरावी. बचत गटातल्या ज्या बाया दुसरी यादी करतील त्यांनाही दिवसाची मजुरी मिळावी. खुरपणी सोडून त्या हे करणार आहेत.

आढावा बैठकीत टक्केवारीच्या आधी चार आकडे विचारले जावेत. यादीत बाळं किती, दोन्ही याद्यांत समान किती, त्यातली गाव सोडून गेलेली किती आणि गेलेल्यांपैकी ‘मात्रा दिली’ असा निरोप किती जणांचा परत आला. चौथा आकडा पहिल्या वर्षी फार लहान येईल. तो लहान आला म्हणून कुणाला नोटीस देऊ नये, नाहीतर पुढच्या महिन्यात तो कागदावरच वाढेल. नावं वगळून हे चारही आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ज्या घरातलं बाळ त्यात मोजलेलं नाही, ते घर स्वतःहून विचारायला येईल.